येळवशीआधी उघडलेला खड्डा

॥ श्री ॥

जळकोट
कार्तिक वद्य पंचमी

चि. बसलिंग यास आज्जी इरम्माचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद आधीच लिहून टाकते, कारण पुढं शिव्या आहेत.

दिवाळीला आलास, चार दिवस राहिलास, परसात दोन खड्डे खणलेस, एकावर भोकाची फरशी टाकलीस, भोवती तुराट्यांचा कूड उभा केलास आणि मोटारीत बसून तेरला निघून गेलास. तू ग्रामसेवक झालास हे सरकारचं नशीब, पण गावाला तोंड आम्हाला द्यावं लागतं. शेजारची दगडाबाई रोज कुंपणावरून विचारते की इरम्मा, घरातच पायखाना करायची पाळी का आली. म्या सांगितलं की माझे गुडघे गेलेत, तुझे जातील तेव्हा तूही ये. तुझा बाप महांतप्पा अजून टमरेल घेऊन ओढ्यालाच जातो. कुडात बसलं की त्याचं होत न्हाय म्हणतो.

आता नीलाचं. तू तिचा भाऊ आहेस, पण पुरुष आहेस, म्हणून तुला कोणी सांगितलं नाही ते सांगते. चौथ्या वर्षी तापानं तिचा डावा पाय गेला आणि ओढा आहे पाऊण मैलावर. उजाडायच्या आत ती माझ्या खांद्याला धरून जायची. दिवसा बाईमाणसानं जायचं नाही. म्हणून ही पोरगी दुपारनंतर पाणी पीत नव्हती आणि अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठत होती. हे मला ठाऊक होतं, तुझ्या आईला, पार्वतम्माला ठाऊक होतं, आणि दोघी गप्प होतो. उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडली तेव्हा नळदुर्गच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर मुलगी दोन वर्षं काढणार नाही.

तू गेल्यापासून ती पाणी पिते. काल दीड भाकरी खाल्ली. मी कोणाच्या भाकरी मोजत नाही, पण दीड होती.

माझं अक्षर वाकडं आहे, मजकूर सरळ आहे. लोभ आहे, दाखवायला वेळ नाही.

इरम्मा


तेर
१२ डिसेंबर १९५८

तीर्थरूप आज्जीस,
बसलिंगचे शरणार्थ. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. शिव्या आणि आशीर्वाद दोन्ही मोजून घेतले, शिव्या सात जास्त निघाल्या, त्या पुढच्या पत्रात वळत्या कराव्यात.

नीलाचं वाचून जेवण गेलं नाही. मला हे कसं दिसलं नाही? तिला सांगा, पाणी पीत राहा.

खड्ड्याचं पुन्हा एकदा लिहितो. दर वेळी चुलीतली दोन मुठी राख आणि वर सुकी माती टाकायची. पाणी टमरेलापुरतंच. ओल राहिली तर सडेल, कोरडं राहिलं तर माती होईल. खड्डा भरला की फरशी शेजारच्या खड्ड्यावर सरकवायची आणि भरलेला निदान सहा महिने झाकून ठेवायचा. मग जे निघतं त्याला सोनखत म्हणतात. हातात घेतलं तरी वास येत नाही. आपल्या काळ्या रानाला शेणखत कधी पुरत नाही आणि माणसाचं सगळं ओढ्यात वाहून जातं. अप्पांना मी हे बारकाईनं समजावलं आहे, तुम्हीही लक्ष ठेवा.

इथं माझं कोणी ऐकत नाही. मी आपल्या घरचं उदाहरण देतो तर म्हणतात, आधी घरचं सोनखत आणून दाखवा. तेव्हा माझी अब्रूही त्याच खड्ड्यात आहे असं समजा.

अप्पांना आणि आईला शरणार्थ. कृपादृष्टी आहेच, गुडघ्यांवरही असू द्यावी.

आपला,
बसलिंग


जळकोट
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

चि. बसलिंगास आज्जीचे आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम आहे, गाव सोडून.

खड्डे खणलेस त्याला वर्ष झालं. यंदाच्या ज्येष्ठात पहिला भरला तो झाकून ठेवलाय, फरशी दुसऱ्यावर आहे. नीला आता दोन भाकऱ्या खाते आणि मला उलटून बोलते, म्हणजे प्रकृती सुधारली. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला तेव्हापासून तुझा बापही कुडात बसतो. आता त्याचं होतं.

पण तोंड धरून बसेल तर तो महांतप्पा कसला. पारावर सांगून बसला की खड्ड्याचं खत यंदा रानात टाकणार. झालं. दगडाबाईनं निरोप धाडला की तिच्या घरचं कोणी येळवशीला आमच्या रानात जेवायला येणार नाही. मग दुसऱ्या घरचा निरोप, मग तिसऱ्या. तुला ठाऊक आहे, त्या अमावास्येला आपल्या कडब्याच्या कोपीपुढं चाळीस पानं बसतात, वाटेनं जाणाऱ्याला ओढून आंबील पाजतो. तुझा बाप दोन दिवस नीट जेवला नाही. म्हणतो, येळवशीला रान रिकामं राहिलं तर खड्डे बुजवीन. खड्डे बुजले की नीला परत ओढ्याला, आणि पुढं डॉक्टर काय बोलला ते तुला लिहिलंय.

म्हणून मी दगडाबाईच्या दारात गेले. तिला विचारलं की माझा नवरा बावीस वर्षांमागं त्याच रानात बसवून पुरला, आपल्यात कोणाला जाळत नाहीत. त्याच्यावर उगवलेली ज्वारी तू बावीस वर्षं खाल्लीस, हुरड्याला तर सगळ्यांच्या आधी येऊन बसतेस. तो तुला गोड लागला आणि माझ्या नातीचं कडू लागतं काय. माती काय करते ते तुला न मला सांगायला कोणी सरकारी माणूस लागतो व्हय. ती गप्प झाली. पण गप्प होणं म्हणजे जेवायला येणं नव्हे, म्हणून म्या बोलून टाकलं की अमावास्येआधीच्या सोमवारी सगळ्यांनी परसात यावं. सगळ्यांसमोर खड्डा उघडते आणि पहिली मूठ मी घेते.

तू येऊ नकोस. ग्रामसेवक दिसला की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन हसतात.

उत्तर पाठव, लोभ मनात ठेवलास तरी चालेल.

इरम्मा


जळकोट
पौष शुद्ध चतुर्थी

चि. बसलिंग, आशीर्वाद धरून चाल.

सोमवारी खड्डा उघडला. तीसेक माणूस होतं, बायका कुंपणापलीकडं. महांतप्पानं वरची माती ओढली. वीतभर माती होती. तिच्याखाली जे निघालं ते जेवढं पुरलं होतं तेवढंच, फक्त पातळ झालेलं. वास असा सुटला की दगडाबाईनं म्हैस आत घेऊन दार लावलं. म्या पहिली मूठ घेते बोलले होते. घेतली. त्यानंतर परसात उभं राहिलेलं माणूस म्हणजे मी आणि नीला.

बुधवारी येळवस. तुझ्या आईनं दरवर्षीएवढा स्वैपाक केला, उंडे, भज्जी, दोन बिंदगी भरून आंबील. कोपीपुढं घोंगड्या अंथरल्या. तुझा बाप वाटेवर उभा राहून एकेकाला हाक मारत होता. माणसं हात जोडत होती आणि पुढच्या रानात जात होती. दिवस मावळताना आंबील बैलांपुढं ओतली. दुसऱ्या दिवशी त्यानं कूड उपटला, दोन्ही खड्डे बुजवले, फरशी भिंतीला टेकवली. म्या अडवलं नाही. माणूस रडत रडत फावडं मारत होता, त्याला काय अडवायचं.

मग म्या पार्वतम्माला समोर बसवलं. ती रोज सकाळी दोन घागरी पाणी ओतून ती जागा धूत होती. राख एकदाही टाकली नाही. आपल्या चुलीत गोवऱ्या जळतात, त्यांचीच राख चाळून कपाळाला विभूती लावतो, ती तिथं कशी टाकायची म्हणाली. आम्ही ठेवलेली राख ती उचलून लिंबाखाली नेऊन ठेवायची. आम्हाला वाटायचं संपली. वर्षभर एक दिवस न चुकता तिनं धुतलं, आणि धुऊन धुऊन घालवलं.

तिला लई बोलले. बोलता बोलता ध्यानात आलं की तू सगळं बापाला समजावलंस आणि मला लिहिलंस. खराटा कोणाच्या हातात आहे ते तू बघितलं नाहीस, आणि मला दिसत असून म्या तिला सांगितलं नाही. सुनेला काय सांगायचं, काम तर करतेच, असंच मानत आले.

नीलानं परवा दुपारपासून पाणी तोडलं. मला सांगत नाही, पण तांब्या भरलेला दिसतो.

लोभाचं राहू दे आता.

इरम्मा


तेर
११ जानेवारी १९६०

तीर्थरूप आज्जीस,
बसलिंगचे शरणार्थ. तुमचं पत्र चार वेळा वाचलं. चूक आईची नाही. मी गावोगाव सभा घेऊन हेच सांगत फिरतो आणि घरात चार दिवस राहून आईशी यावर चार शब्द बोललो नाही. ती पाणी शेंदत होती आणि मी अप्पांना समजावत होतो.

पुन्हा खड्डा खणा असं म्हणायचं तोंड मला नाही. अप्पा आता कोणाचं ऐकणार नाहीत. मी ठरवलं आहे, पुढच्या शनिवारी येतो आणि नीलाला इकडे घेऊन येतो. माझ्या खोलीमागं असाच एक आहे, कोरडा आहे. तिचा जीव वाचला म्हणजे झालं, गावाचं पुढं बघू. तिचं गाठोडं बांधून ठेवावं.

रागावलात तरी पत्र टाकावं, त्याचीच वाट बघतो.

आपला,
बसलिंग


जळकोट
२० जानेवारी १९६०

ती. दादास नीलाचे शरणार्थ. वि. वि.

दादा, शनिवारी येऊ नकोस. आज्जीला हे पत्र दाखवलेलं नाही, नाहीतर ती त्यातल्या माझ्या चुका काढेल.

मी तुझ्याकडे आले तर माझं भागेल. आईचं काय? ती वर्षभर ती जागा धूत होती, पण एकदाही तिथं बसली नाही. मला आत्ता कळलं. मी विचारलं तर म्हणाली, ते तुमच्यासाठी बांधलंय, सासू जिथं बसते तिथं सुनेनं कसं बसायचं. आई पण दुपारनंतर पाणी पीत नाही, दादा. मी माझाच तांब्या बघत होते, तिचा कधी बघितला नाही.

हे म्या आज्जीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती फावडं घेऊन घरामागच्या तिच्या चोळीबांगडीच्या तुकड्यात गेली. तो तिच्या नावाचा आहे, मुरमाड आहे, तिथं पाणी थांबत नाही. अप्पा आडवे आले तर म्हणाली, हा तुकडा तुझ्या बापानं माझ्या पोटासाठी दिलाय, पोटाचंच काम करते. सत्तर वर्षांची बाई खणते आणि अप्पा ओट्यावर पाठ करून बसतात. तिच्या हाताला फोड आलेत. मी बसून माती ओढते, तेवढं मला जमतं.

मी रोज दोन तांबे पिते, ओढ्याला जावं लागलं तरी. आज्जीनं शपथ घातलीय. पण पाय फार दुखतो.

वहीतलं पान संपलं, लोभ पानाबाहेरचा समजावा.

नीला


जळकोट
फाल्गुन शुद्ध द्वादशी

चि. बसलिंगास आज्जीचे अनेक आशीर्वाद, या वेळी बिनशिव्यांचे.

नवे दोन खड्डे झाले. फरशी नीलानं न म्या ओढत नेली. या वेळी म्या माझं डोकं चालवलं. धुण्याचं पाणी खड्ड्यात जाऊ देत नाही, पन्हाळीनं बाहेर काढून अळवाला सोडलंय. आणि चुलीच्या राखेला हात लावत नाही. कुंभाराच्या आव्याची राख आणते, ती कोणी कपाळाला लावत नाही. पार्वतम्माला सगळ्यांच्या आधी सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तिथं तिनंही बसायचं हे पण सांगितलं. ती जमिनीकडं बघत राहिली. घागर मात्र घेऊन गेली नाही.

तुझा बाप माझ्याशी बोलत नाही. गावातलं कोणी पाणी प्यायला थांबत नाही. पुढच्या येळवशीला कोण येईल ते सांगता येत नाही, मी असेन का तेही नाही. खड्डा भरला की वर्षभर उघडू नकोस. उघडशील तेव्हा गाव बोलावू नकोस. आधी एकट्यानं हात घालून बघ.

नीला दोन भाकऱ्यांवर आली. चक्कर नाही.

परवा उजाडता मी तिकडं गेले तर कुडाचं दार आतून बांधलेलं. नीला चुलीपुढं भाकरी थापत होती, महांतप्पा रानात गेला होता. म्या दाराला हात लावला नाही, खोकलेसुद्धा नाही. आल्या पावली मागं फिरले, टमरेल भरलं आणि ओढ्याची वाट धरली. गुडघ्यांनी मला वाटभर शिव्या घातल्या. येताना दगडाबाई आडवी आली. हातात टमरेल बघून विचारते की इरम्मा, नवा पायखाना इतक्यात बुजला काय.

म्या सांगितलं की न्हाय, आत माझी सून आहे.

यापुढं तुझ्या आईला वेगळं पत्र लिहीत जा. नीला वाचून दाखवील. माझ्या पत्राच्या तळाशी तिला नुसतं शरणार्थ टाकत जाऊ नकोस.

इरम्मा