तेरावा कोट

ता. ४ जानेवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं की आधी कोट अंगात घाल आणि मगच हे पत्र वाच. त्या उघड्या नाक्यावर तू कुडकुडत उभा असतोस हे तू कधी लिहिलं नाहीस, पण तुझं अक्षर सगळं सांगतं. कोट दोन बोटं ढगळ होईल. माप घ्यायला तू समोर नव्हतास, आणि खाणावळीच्या जेवणाने अंग धरलं असशील अशी वेडी आशा मी केली.

कापड कुठून आणलंस म्हणून ओरडू नकोस. एका औषधवाल्या शेठनी एकाच राखाडी लोकरीचे बारा कोट शिवून घेतले. अस्तर त्यांनीच आणून दिलं, जांभळ्या पट्ट्यांचं रेशमी. असलं अस्तर मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येक कोटाला आतून दहा चपटे खिसे. त्यांची माणसं औषधाच्या बाटल्या नमुन्याला घेऊन हिंडतात म्हणे. अकरा मापं कागदावर लिहून आली, बारावं गिऱ्हाईक तेवढं स्वतः आलं. शेवटी उरलेलं कापड शिवणाऱ्याचं, हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज आहे, आणि मी कापायला पहिल्यापासून चिक्कू. त्यातून तुझा तेरावा निघाला, अस्तरासकट. तुझ्या कोटाला खिसे मात्र दोनच आहेत. तुझ्याकडे ठेवायला आहे काय?

जिवाला जप रे. दारूबंदी आल्यापासून या टोळ्यांना कोणाची भीती राहिलेली नाही. तुझ्या आधीचा शिपाई नदीत सापडला हे तू लिहिलंस, तेव्हापासून मी नदीवर धुणंसुद्धा नेत नाही.

तुझी माया आहे तशीच राहू दे, आणि उत्तर कोटाएवढं लांब लिही.

तुझी ताई

*

ता. १७ जानेवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

कोट दोन नाही, चार बोटं ढगळ आहे. आत अजून एक शिपाई मावेल. पण ऊब अशी आहे की पहिल्या दिवशी मी तो घालूनच जेवलो.

ताई, थट्टा इथेच संपली. आज दुपारी जे झालं, ते फक्त तुला लिहितो. बर्फाचा एक ट्रक आला. मी नंबर लिहून घ्यायला आतल्या खिशातली पेन्सिल काढली, तेव्हा कोट उघडला आणि अस्तर दिसलं. ड्रायव्हरचा चेहरा एकदम खुलला. तो खाली वाकून हळूच म्हणाला, की आपलाच माणूस आहेस हे आधी सांगायचं नाही का. बर्फाखाली साठ खोकी आहेत आणि उरलेला माल शुक्रवारी येईल, असंही त्याने सांगितलं. जाता जाता हसत म्हणाला, की तुझ्या आधीचा असा शहाणा असता तर नदीत गेला नसता.

मी एकटा होतो, ट्रकमध्ये तिघे होते. माझ्या या हातांनी मी नाक्याचा दांडा वर केला. त्याची लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

तुझे शेठ औषधवाले नाहीत, ताई. ते अस्तर म्हणजे टोळीची ओळख आहे. ते बारा जण दारू नेतात आणि माणसं मारतात.

मी अजून कोणाशी अक्षर बोललो नाही. आमचे साहेब पंधरा दिवस रजेवर आहेत, सोमवारी रुजू होतील. त्यांनाच सगळं सांगणार. त्यांच्याइतका सरळ माणूस या खात्यात नाही. नाक्यावर आलेली तारसुद्धा आधी त्यांच्या टेबलावर जाते, इतकं त्यांचं लक्ष. त्या बिचाऱ्या शिपायाला त्यांनीच खांदा दिला होता. त्यांचा डावा खांदा जन्मापासून पडका आहे, तरी शेवटपर्यंत कोणाला खांदा बदलू दिला नाही. आम्ही मागे त्यांच्या चालीची नक्कल करून हसायचो. यंदा नवा कोट गळ्यापर्यंत बंद करून असे ताठ चालतात, की आमची तीही करमणूक गेली.

घाबरू नकोस. शेठ पुन्हा आले तर नेहमीसारखी बोल. लोभ आहेच, तो मी काय वेगळा मागू.

तुझा बारक्या

*

ता. १९ जानेवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

साहेबांना काही सांगू नकोस. हे वाक्य आधी वाच, पुन्हा वाच, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि मी मापांची वही उघडली. बारावं गिऱ्हाईक, जे स्वतः माप द्यायला आलं होतं, ते का आलं होतं ठाऊक आहे? कागदावरच्या मापाने त्याचा कोट बसेना. डावा खांदा दीड इंच पडका. मी आतून कापसाचे तीन थर भरले, तेव्हा कुठे तो उजव्याच्या बरोबरीला आला. आरशापुढे तीनदा वळून बघितलं त्याने. मला म्हणाला होता, बाई, तुम्ही मला सरळ केलंत. मला केवढा अभिमान वाटला होता, आग लागो त्या अभिमानाला.

त्या शिपायाला खांदा देणाराही हाच माणूस.

आज सोमवार आहे. माझं डोकं चालत नाही. तार करावी, तर ती त्याच्याच टेबलावर जाणार. आजची गाडी निघून गेली, आणि दिवसाला गाडी एकच. हे पत्र टपालात टाकते आणि उद्याच्या गाडीने मीच येते. त्याने रजा वाढवली असू दे, एवढंच मागते.

तोंड बंद ठेव. एवढं एक माझं ऐक.

तुझी ताई

*

ता. १९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मनावरचं ओझं उतरलं! साहेब सकाळी रुजू झाले आणि मी दार लावून सगळं सांगितलं. ट्रक, अस्तर, बारा कोट, तुझं दुकान, काही लपवलं नाही. त्यांनी उठून खिडकीही लावली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, की तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून खातं उभं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

उद्याच्या गाडीने ते स्वतः तुझ्याकडे येत आहेत. तुझा जबाब त्यांना जातीने घ्यायचा आहे. मापांची वही काढून ठेव, पुरावा म्हणून ती सगळ्यात मोलाची आहे असं ते म्हणाले. दुकानात दुसरं कोणी नसलं तर बरं, म्हणजे मोकळेपणी बोलता येईल. हे पत्र त्यांच्यानंतरच पोचेल, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

मला बढती मिळाली! परवापासून नदीवरच्या चौकीचा मी एकटा मुख्य.

त्यांना चहा दे, तुझ्या हातचा, आलं घालून. तुझा लोभ माझ्या वाट्याचा थोडा त्यांनाही मिळो.

तुझा बारक्या

*

ता. २० जानेवारी

चि. बारक्यास आशीर्वाद. आज त्यांची फार गरज आहे.

मी जिवंत आहे. शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींच्या मागच्या खोलीतून लिहिते आहे.

गाठोडं बांधून निघणार, एवढ्यात साहेब दुकानात आले, अंगात मी शिवलेला राखाडी कोट. तिथेच कळलं की तू बोलून बसलास. रागावले नाही रे, मीही त्याच माणसाचा खांदा भरला होता. फार गोड बोलले. तुला बढती दिली, उद्यापासून तू नदीवर एकटा असशील, असं त्यांनी हसत सांगितलं.  मग त्यांनी मापांची वही मागितली. मी म्हटलं, माळ्यावर आहे, काढून आणते, तोवर चहा घ्या. चहा दिला.  वही पदराखाली होती. मागच्या जिन्याने उतरले ती थांबले नाही.

समोरच्या नळापाशी दोघे उभे होते. राखाडी कोट. त्यांच्या पाठीवरची शिवण मी लांबून ओळखली.

स्टेशनवरही त्यांचा कोणी असेल, म्हणून मला येता येत नाही. हे पत्र आजच्या गाडीचे गार्ड तुझ्या हातात देतील. त्यांचा गणवेश मी शिवते, ते कुठे बोलणार नाहीत. सोबत वही आहे. बाराव्या पानावर डाव्या खांद्याचं माप आहे आणि त्याखाली त्याची स्वतःची सही, कोट पसंत पडल्याची. ती मी गिऱ्हाइकाकडून नेहमी घेते.

नदीवर जाऊ नकोस. माझा कोट घाल, गुंड्या सोड, अस्तर दिसू दे. वाटेत त्यांचा कोणी भेटला, तर तुला आपलाच समजून सोडेल. असाच गार्डच्या डब्यात जाऊन बस आणि दूर जा.

वही कोणाला तरी द्यावीच लागेल, मोठ्या अधिकाऱ्याला, न्यायाधीशाला, कोणालाही. मात्र द्यायच्या आधी त्याला कोट उघडायला लाव. मी बारा शिवले होते. तीन आज माझ्या डोळ्यांनी पाहिले. उरलेले नऊ कोणाच्या अंगावर आहेत, मला माहीत नाही.

पोचल्याचं लिहू नकोस. नुसता पोच.

तुझी ताई