तुळाभाराचा गूळ

३ नोव्हेंबर, सोमवार

काल तुळशीचं लग्न झालं. आज अंगणात उसाचे तुकडे आणि फटाक्यांचे कागद. उशिरा उठले. अकराला आईने पेज वाढली. उकडे तांदूळ, वर तूप, बाजूला मुगाची उसळ आणि खोबऱ्याची चटणी. सोमवार, म्हणून मासळी नाही. वर्षानुवर्षं सोमवारी मी काहीच खात नसे, त्यामुळे हात थोडा थांबला. मग खाल्लं. काही वाटलं नाही.

रोज हेच लिहायचं असेल तर खा. का. वा. ना. एवढं पुरे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

म्हापशाला मॅडमकडे. (आहाराची मॅडम. औषधांचे डॉक्टर वेगळे.) काट्यावर पाठ करून उभं राहायचं, ती आकडा बघते, मला सांगत नाही. मी खिडकीतून कुणाची तरी स्कूटर बघत होते. आधी आईलाही आत बसू द्यायची. पण आईच्या चेहऱ्यावर आकडा दिसतो, म्हणून ती आता बाहेरच्या बाकावर.

ठीक चाललंय म्हणाली. भूक लागते का? नाही. मग भुकेची वाट बघायची नाही, वेळ झाली की खायचं, भूक मागून येईल. नाचणी, अळसांदे (चवळी), अंडी, केळी, तूप. कामावर कधी जाऊ विचारलं, तर अजून नको. चैत्रात तुयेच्या फॅक्टरीत पॅकिंगच्या पट्ट्याशीच पडले होते, परत तिथेच जायचं आहे. नको म्हणाली त्याचंही काही वाटलं नाही.

संध्याकाळी नाचणीचं तिजण. नारळाचा रस आणि गूळ घातलेलं. खा. का. वा. ना.

९ नोव्हें., रवि.

पपांच्या दुकानात बसले थोडा वेळ. दुकान आहे, काटा नाही. मी हॉस्पिटलातून आले त्याच दिवशी पपांनी तो आमोण्याला काकाकडे पाठवून दिला. मागच्या खोलीत पोत्यांआड जाऊन मी त्यावर उभी राहायचे, हे त्यांना माहीत होतं. कधीपासून ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकांना सांगतात, काटो बिघडलो. अख्ख्या चोपडे गावाला ठाऊक आहे की तो ठणठणीत आहे, पण कुणी बोलत नाही.

आता सगळं पुडीबंद आणतात. कांदेबटाटे नजरेने देतात आणि चुकत नाहीत. ती नजर माझ्याकडेही आली आहे. तांदळाचा ढीग असो की माणूस, बघितलं की आकडा येतो. शाळेत असताना दुकानात लोक माझी परीक्षा घ्यायचे, हसायचे. पुढे ती नजर मी आरशाला लावली.

१० नोव्हें., सोम.

पेज खाताना शेजारची शेवंतीकाकी आली. माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "काय गो, सोमवार सोडलंस?"

माझे उपास वाड्यात गाजलेले. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. या वयात एवढी भक्ती, असं म्हणायच्या सगळ्या. देवाचं नाव घेतलं की जेव म्हणायची कुणाची छाती नव्हती. मला ते बरं पडायचं.

आईच म्हणाली, "सोमवार कोणी सोडूक नाय. घरात चालू आसा." काकी गेली. मला वाटलं, वेळ मारून नेली.

खा. का. वा. ना.

१४ नोव्हें., शुक्र.

आई विळीवर नारळ खवत होती. सहज सांगावं तसं सांगितलं. आज बाजारात काय मिळालं, त्याच सुरात.

"तू हॉस्पिटलात आसताना देवाक सांगलंय, माझा चेडू उठून जेवाक लागला की जत्रेक तुळाभार करतंय. गुळाचो."

जत्रा पौषात. देवळाच्या चौकात तराजू टांगणार. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ, पारडी जुळेपर्यंत. गूळ मग मोजून देवस्थानला. कुणाचा तुळाभार किती भरला हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. दर जत्रेला ऐकत आले आहे.

आईचा चेहरा उजळलेला होता. मी किती भरेन याचा तिला आनंदच आहे. तिच्या लेखी जेवढा जास्त गूळ तेवढी देवाची कृपा.

बरं म्हटलं. बेकरीची पोई आणि अळसांद्यांचं रसदार तोणाक जेवले. चव लागली नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

मॅडमला सांगितलं. ती आईला आत बोलावून म्हणाली, हे आता नको, पुढे ढकला. आई नम्रपणे हो हो म्हणाली. बसमध्ये मला म्हणाली, देवाक सांगलेला पुढे ढकलता कसा? तो काय पंचायतीचो अर्ज?

तिच्यावर राग नाही. कशावरच नाही.

२१ नोव्हें., शुक्र.

पपांनी गूळ आणला. दुकानाच्या मागच्या खोलीत, फळीवर, ढेपेवर ढेप, वर धुतलेलं गोणपाट. मुंग्या येऊ नयेत म्हणून चारी बाजूंना हळदीची रेघ.

मी गोणपाट उचललं. उचलायला नको होतं. आकडा आला.

म्हणजे पपांच्या नजरेत मी एवढी.

२३ नोव्हें., रवि.

परवापासून पोई कुत्र्याला. तिजण मोरीत. आईला म्हटलं, जेवले. सोपं गेलं. फार सोपं गेलं, म्हणून लिहून ठेवते.

२४ नोव्हें., सोम.

पपांनी दुकानात हाक मारली. बाकावर शेजारी बसवलं. मोयऱ्याचं मोठं केळं सोलून अर्धं मला, अर्धं त्यांना. कुत्र्याक पोई बरी लागता, एवढंच म्हणाले, रस्त्याकडे बघत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "गूळ परत दिवंया?"

गूळ परत गेला तरी नवस राहतोच, हे त्यांनाही कळतं. केळं संपवलं. बराच वेळ लागला. तोवर ते बसून होते, दोन गिऱ्हाइकं आली तरी उठले नाहीत, घ्या तुमचं तुम्ही म्हणाले.

त्यांनीच आईला सांगितलं असणार. संध्याकाळी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, सोमवारी देवाक इचारूया.

१ डिसेंबर, सोम.

देवळात कौल लावला. गुरवाने देवाला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर नवस बदलता येईल, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं गुरव घालतो, पण आई त्याला थांबवून स्वतःच बोलली.

"मी तुका वजन बोललंय, ती माझी चूक. वजन नाका. ती जेवता, तितकाच मानून घे."

मी खांबाशी होते.

पाकळ्या हलल्या नाहीत. खूप वेळ बसलो. समईची वात दोनदा सारली. गुरव म्हणाला, देव आज बोलत नाही, पुढल्या सोमवारी या.

घरी आलो तोवर पेजेची वेळ टळून गेली होती. आईने मला वाढलं. स्वतः ताट घेतलं नाही. तू? म्हटलं. मागसून, म्हणाली. मागसून तिने भांडी घासली.

४ डिसें., गुरु.

आज मुद्दाम लक्ष ठेवलं. सकाळी नुसता काळा चहा. दुपारी माझ्यासमोर बसून राहिली, ताट नाही. पोट बरं नाही म्हणाली. रात्री पपांना वाढलं, मला वाढलं, आणि तुळशीला दिवा लावायचा राहिला म्हणून उठून गेली. दिवा तर कधीच लावून झाला होता.

हे सगळं मला पाठ आहे. मीच असं करायचे.

स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. आधी काही नाही, काही नाही. मग म्हणाली, देवाच्या नावान धरलेलो दिवस असो मधीच सोडूक येना. कोणीतरी धरूक जाय.

"मगे मी धरलंय."

सोमवार? म्हटलं. ती नळाखाली तांब्या धरून उभी होती. तांब्या भरून वाहत होता.

"तुझे सगळेच."

राग आला. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं आणि ते हे. माझे उपास कधी देवाचे नव्हतेच, हे तिला ओरडून सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. सांगितलं नाही. सांगितलं तर ती इतके दिवस उपाशी कशासाठी राहिली?

जेवले. काय होतं आठवत नाही.

८ डिसें., सोम.

परत देऊळ. तेच गाऱ्हाणं, नव्या पाकळ्या. त्याही पडल्या नाहीत. गुरव म्हणाला, घाई करू नये. आई चौकात खांबाला टेकून बसली. अकरा झाले तशी तिने पिशवीतून डबा काढला. पेज. माझी. कौल लागो न लागो, माझी वेळ ती चुकवत नाही.

डबा माझ्यापुढे धरला तेव्हा बांगड्या मनगटावरून सरकत थेट कोपरापर्यंत गेल्या. मी बघितलं. नको होतं तरी आकडा आला. माझा नाही, तिचा. दुकानात मी कधी चुकले नाही. इथे चुकावं असं फार वाटलं.

तू घे, म्हटलं. कौल लागांदे, म्हणाली. मी झाकण परत लावलं. मग मीही नाही, म्हटलं. धमकी द्यायची नव्हती, पण तिला ती तशीच ऐकू आली असणार. तिचा चेहरा एकदम उतरला, चैत्रात हॉस्पिटलच्या दारात होता तसा.

तिने गाभाऱ्याकडे बघितलं. मग झाकण उलटं करून हातात धरलं. मी त्यात पेज ओतली, निम्मी. ती दोन्ही हातांनी धरून प्यायली, मान खाली घालून. मी डब्यातून प्यायले. दोघींमध्ये एकच लिंबाची फोड. पाकळ्या तशाच चिकटलेल्या होत्या. आम्ही निघालो तेव्हाही.

जत्रा पौषात. गूळ अजून दुकानात आहे. तराजूत बसेन की नाही, माहीत नाही. उद्यापासून आई जेवेल का, तेही नाही. रडू आलं नाही.

निम्मी पेज कमी पडली असणार. देवळापासून घरापर्यंत पोटात काहीतरी होत होतं. नदीच्या वळणावर ओळखलं. घरी येऊन आईला विचारलं, आणखी आहे का.