भरलेली आम्लाची बाटली आणि हुकलेली निवड

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
शिक्षणाधिकारी कार्यालय

विषय : हरित रसायनशास्त्राच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी शाळेतून झालेल्या निवडीचा फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : शाळेच्या फलकावरील निवडीची सूचना.

महोदय,

दुपारी घर शांत असताना दुधाच्या पातेल्यावरचे झाकण खडखडले, शेजारी निजलेली माझी मुलगी जागी झाली आणि अर्ज पहिल्याच ओळीत थांबला. पुढचा मजकूर तिला थोपटत लिहिला आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी.

१. मी दहावीला रसायनशास्त्र शिकवते. कमीत कमी रसायने वापरून, विषारी सांडपाणी न करता प्रयोग कसे घ्यावेत, याच्या प्रशिक्षणासाठी आमच्या शाळेला एकच जागा आहे. ती माझ्या सहशिक्षिकेला मिळाली.

२. निवडीपूर्वी मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींची कपाटे उघडली. सहशिक्षिकेच्या आम्लाच्या बाटल्या रिकाम्या, माझी जवळजवळ भरलेली. "बाई, प्रयोग घेता की नुसतं फळ्यावरच भागवता?" असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. वास्तविक माझी मुले खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत थेंबाथेंबाने प्रयोग करतात, म्हणून बाटली संपत नाही. ही पद्धत मी चाचपडत शिकले. ती धड शिकावी, एवढीच माझी धडपड होती.

३. सहशिक्षिका स्वभावाने चांगल्या आहेत, हे नाइलाजाने नमूद करते. उरलेले आम्ल मोरीत ओतूनही त्यांचा कोट पांढराशुभ्र असतो. माझ्या खिशात मुलीचे मोजे निघतात. "तुझी लेक लहान गं, तू कुठे जातेस? मी आले की शिकवीन तुला सगळं," असे त्या प्रेमाने म्हणाल्या. मी "बरं" म्हटले. ते "बरं" अद्याप घशाखाली उतरलेले नाही. प्रवासाची नवी बॅगही त्यांनी शिक्षककक्षात आणून दाखवली. त्या वर्गावर गेल्यावर मी ती ढकलून पाहिली. चाके उत्तम आहेत.

४. तरी कृपया मला पाठवावे. न जमल्यास दोघींना पाठवावे. तेही न जमल्यास कोणालाच पाठवू नये. यात मुलांचे नुकसान आहे हे मला कळते. विनंती मात्र कायम आहे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
रसायनशास्त्र शिक्षिका
दिनांक : सूचना लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी

ता. क. सही केल्यावर अर्ज मोठ्याने वाचून पाहत होते. सहशिक्षिकेला मावशी म्हणणाऱ्या माझ्या मुलीने पांघरुणातून तोंड बाहेर काढून विचारले, "आई, मावशी नाही गेली, तर तुला बरं वाटेल?"