भाऊंचा नवा ड्रायव्हर

जळगाव,
५ जानेवारी २०२५

चि. हेमलतास,
झुंबरलालचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हो-हो करतो. उजव्या कानानं असहकार पुकारलाय आणि डाव्यात यंत्र घालायची माझी तयारी नाही. म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की माझा गोल्फचा ड्रायव्हर गेला. गेल्या रविवारी मित्राच्या, हितेंद्रच्या, मळ्यातल्या मैदानावर पहिलाच फटका मारला आणि काठीच्या डोक्याला चीर पडली. रात्री जेवताना मी एवढंच म्हणालो, की मला आता नवा ड्रायव्हर हवा. श्रेयांसचा घास हातातच राहिला. वर्षभर तो मागे लागलाय, की बाबा, या वयात गाडी तुम्ही चालवू नका. त्याला वाटलं, बाबा वळले! दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडोलचा तोताराम दारात हजर. ट्रॅक्टरपासून रुग्णवाहिकेपर्यंत बठ्ठं चालवस, असं त्यानं स्वतःच सांगितलं. मी त्याला चिरलेली काठी दाखवली, लांबचा पहिला फटका मारायच्या या जाड डोक्याच्या काठीलाच ड्रायव्हर म्हणतात हे समजावलं. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, की मंग गाडी कोठे शे? सूनबाई हसत हसत आत पळाली.

आता मुद्द्याचं. दातांचा डॉक्टर भूषण ज्यानं खेळतो तो काळा ड्रायव्हर मला फार आवडलाय. नऊ अंशांचा, दांडा पोलादासारखा ताठ. चौथ्या खड्ड्याच्या वाटेवर नाला आहे ना, तो भूषण हसत पार करतो. माझा चेंडू अलीकडे काठावरच टेकतो. फेब्रुवारीत तुम्हा धुळेकरांशी सामना आहे. तू पुण्याला मुलाकडे राहून हा खेळ रीतसर शिकलीस, म्हणून विचारतो. घेऊ ना?

पाहुण्यांना, म्हणजे तुझ्या यजमानांना, जय जिनेंद्र. वडीलधाऱ्यावर लोभ ठेवायला वयाची अट नाही, तो ठेवावा.

तुझा,
झुंबरभाऊ

*

धुळे,
११ जानेवारी २०२५

ती. भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, तोतारामपाशी आल्यावर ह्यांना ठसका लागला. माझं ऐकाल तर तोतारामला ठेवून घ्या आणि काळ्या ड्रायव्हरला दारातही उभं करू नका.

भाऊ, रागावू नका. काठीच्या तोंडाला जितका उतार कमी, तितका चेंडू हवेत चढवायला हात जोरात फिरावा लागतो. भूषण चाळिशीचा, रोज दंड-बैठका काढणारा. तुम्ही सदुसष्ट पूर्ण केलीत, खांद्याचं दुखणं वेगळंच. तुमच्या हातात नऊ अंशांची काठी म्हणजे चेंडू सशासारखा जमिनीवरून पळणार, आणि ताठ दांड्यानं उजवीकडे केळीच्या बागेत शिरणार. तुम्हाला बारा अंशांचा, मऊ दांड्याचा ड्रायव्हर हवा. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी नाशिकहून एक गृहस्थ यंत्र घेऊन इथे येतात. चार फटके मारायला लावतात आणि कुणाला कुठली काठी ते सांगतात. या तुम्ही. दाल-बाटी करते.

आणि एक. काठी निवडताना आपण पूर्वी कसे मारायचो ते आठवायचं नसतं. आज सकाळी कसे मारतो, तेवढंच बघायचं.

सूनबाई आयुषीला, श्रेयांसला आशीर्वाद. धाकट्या बहिणीचा आगाऊपणा पोटात घालून माया करत राहावी.

आपली,
हेमा

*

जळगाव,
२८ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
सौ. आयुषीचा सा. न.

हे पत्र मी बाबांना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र आलं त्या दिवशी बाबांनी ते दोनदा वाचलं. संध्याकाळी मला म्हणाले, की हेमानं मला म्हातारा ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तोच काळा ड्रायव्हर घेऊन आले.

पुढचं तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. पहिल्या रविवारी चेंडू केळीत गेले. दुसऱ्या रविवारी नाल्यात. भूषणभाऊ चांगल्या मनानं म्हणाले, की काका, तुम्ही नाल्याच्या पलीकडून सुरुवात करा, आम्ही काही मोजत नाही. बाबा हसले, पण अर्ध्यातूनच घरी आले. बॅग माळ्यावर ठेवली आणि ह्यांना म्हणाले, की झालं माझं खेळून, आता तुम्ही म्हणाल तसं.

आत्याबाई, ते ‘तुम्ही म्हणाल तसं’ मला ऐकवत नाही. सासूबाई गेल्यानंतर पहिले सहा महिने ते असेच बोलायचे. चहा हवा का, तुम्ही म्हणाल तसं. हितेंद्रभाऊंनी ओढून नेलं आणि या खेळानं त्यांना परत भांडायला शिकवलं. मीठ कमी पडलं म्हणून ते मला पहिल्यांदा बोलले, तेव्हा मी स्वयंपाकघरात आनंदानं रडले होते. आता परत टीव्हीचा आवाज बंद करून समोर बसतात. सामन्याच्या यादीतून नाव काढायला सांगितलंय.

तुम्हीच काहीतरी करा. काकासाहेबांना नमस्कार. तुमचा हात आमच्या डोक्यावर आहेच, तो तसाच असू द्यावा.

आपली,
आयुषी

*

धुळे,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आयुषीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं अक्षरही भाऊंच्या कानावर घातलेलं नाही, निश्चिंत राहा. मी श्रेयांसकडून निरोप धाडला, की ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय आणि तुझ्या सासऱ्यांशी बोलल्याशिवाय हे टेबलावर चढत नाहीत. ऑपरेशन खरंच आहे, हट्ट माझ्या पदरचा. शनिवारी सकाळी तोतारामनं भाऊंना दारात आणून उतरवलं.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, मला नवी काठी बघायचीय, सोबत चला. हेही निघाले. ते नाशिकचे गृहस्थ फार मितभाषी. मी दोन-चार फटके मुद्दाम वाईट मारले. भाऊंना राहवेना. असं नाही गं, म्हणत त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, ती खाली ठेवली आणि शेजारची उचलली. गृहस्थांनी यंत्र हळूच त्यांच्याकडे वळवलं.

आयुषी, तो चेंडू वर गेला! भाऊ काठी खांद्यावर तशीच धरून बघत राहिले. मग दुसरा मारला, तिसरा मारला. खांदा दुखतो का विचारलं, तर म्हणाले, मधे बोलू नकोस. शेवटी म्हणाले, की हीच द्या.

गृहस्थ प्रामाणिक. ते म्हणाले, की तोंड बारा अंशांचं आहे, पण दांडा बायकांसाठीचा आहे. दांड्यावर गुलाबी पट्टा होता, तो भाऊंना तेव्हा दिसला. ह्यांना एकदम चपला कुठे काढल्या ते आठवेना. मी आकाशाकडे बघत उभी. भाऊंनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारलं, की पट्टा खरवडता येतो का? गृहस्थ म्हणाले, की येतो. भाऊंनी काठी परत एकदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, की राहू द्या, काठी नाराज होईल.

सामन्याला मला येता येणार नाही, ह्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे असतील. तू मात्र जा. आणि जेवणात मीठ जरा कमीच टाकत जा. माया आहेच, तुझ्याकडून पत्रं मात्र वाढव.

तुझी,
हेमाआत्या

*

जळगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. हेमास,
अनेक आशीर्वाद. पाहुण्यांचा डोळा आता कसा आहे? त्यांना सांग, उघडल्यावर आधी तुझ्याकडे नको, आरशाकडे बघा. धक्का हळूहळू बसावा.

धुळेकर जिंकले. थोडक्यात जिंकले, पण जिंकले. तुमचा तो उंच वकील शेवटी खड्ड्याभोवतीच्या वाळूवरून चेंडू असा घरंगळत नेतो, की बघत राहावं. आम्ही हरलो आणि वर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी वाढून तुमच्या लोकांना दोन-दोनदा आग्रह केला. हितेंद्रच्या मळ्यातून उपाशी गेला तो पाहुणाच नव्हे.

माझं विचारशील. भूषणनं गुलाबी पट्टा पाहिला आणि विचारलं, की काका, हे काय? मी सांगितलं, बायकांचा दांडा आहे. दोघं-तिघं हसले. मीही हसलो, कारण पट्टा खरोखर फार गुलाबी आहे. चौथ्या खड्ड्याच्या वाटेवर नाल्यासमोर उभा राहिलो. मी मारला. चेंडू भूषणच्या चेंडूपेक्षा पुष्कळ मागे पडला, पण नाल्याच्या पलीकडे पडला. मला तर ठक्क असा आवाजही ऐकू आला, बहुतेक दोन्ही कानांनी.

नंतर गंमत झाली. पाचोऱ्याचे सुकलालनाना, माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, मला झाडामागे घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, की जरा बघू तो तुमचा जनानी. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. सामना संपला तेव्हा तो ड्रायव्हर माझ्याकडे नव्हताच, म्हाताऱ्यांच्या रांगेत फिरत होता. नाशिकच्या गृहस्थांना कळव, पुढच्या खेपेला असे चार-पाच आणा. पट्टा कुठलाही चालेल.

एक गोष्ट मात्र तुलाच लिहितो. फटका मारून मी नाल्यावरच्या फळीवरून चेंडूकडे चालत निघालो. बाकीचे मागे होते. चालता चालता मनात आलं, की घरी गेल्यावर हिला सांगायचं, असा असा गेला चेंडू. वाक्यसुद्धा जुळवलं. फळी संपली तेव्हा लक्षात आलं, की ही आता नाही. पाय थांबले थोडे. वाईट वाटलंच. पण हेमा, ती गेल्यापासून हिला सांगावं असं माझ्या दिवसात काही घडलंच नव्हतं. आज घडलं होतं. म्हणून मी तिथेच, कुणी जवळ नाही असं बघून, सांगून टाकलं. मोठ्यानं सांगितलं. ऐकू कमी येणाऱ्याला हळू बोलता येत नाही.

मग चेंडूपाशी गेलो आणि पुढचा फटका केळीत घातला.

भाऊ म्हणून जो जीव लावतेस, तो अजून पुष्कळ वर्षं लागणार आहे, जपून ठेव.

तुझा,
झुंबरभाऊ