नाव नसलेली काच

नाना, दुपारपासून तुमच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतोय आणि काढतोय, एका जागी बसवत नाही. तुम्ही जाऊन वर्षं लोटली, तरी या घटकेला धुळ्याच्या त्या दवाखान्यात तुमच्यासमोर येऊन उभं राहावंसं वाटतंय. रक्ताच्या कर्करोगाला औषध नाही असं सगळे म्हणत, आणि तुम्ही त्याच्याच मागे जन्म घालवलात. सोमलाचे, म्हणजे विषाचेच, थेंब दुधातून द्यायचे, हळूहळू वाढवायचे, डोळे सुजले की थांबायचं, आणि रक्ताची काच बघत राहायची. इंटरच्या सुट्टीत तुमच्या हाताखाली आलो तेव्हा पहिल्याच काचेवर लांब तंतू पाहून मी ओरडलो होतो, "नाना, नवीन जंतू!" तुम्ही वाकून पाहिलंत आणि हसत सुटलात. "कापूस शे तो, बावा! खान्देशनं रगत शे, कापूस तं निंघीच." बाहेर जिनिंगचा भोंगा वाजत होता.

काचेवर नाव मात्र लिहू द्यायचा नाहीत. कोपऱ्यात खूण, तीही कागदाच्या पट्टीखाली. एकदा मी पट्टी उचलली, ओळखीच्या पाटलांची काच निघाली, आणि "बरं दिसतंय" म्हणालो. तुम्ही काच माझ्या हातातून काढून घेतलीत. "डोळा लाचखाऊ असतो. पाटील तुला आवडतात, म्हणून त्यांचं रक्त बरं दिसतं. आधी काच बघ, मग माणूस. आणि दिसेल ते ज्याचं रक्त त्याला आधी सांग, त्याच्या बापाला नाही." मी रुसून जेवलो नव्हतो. तरी जाताना हे यंत्र माझ्या नावाने ठेवून गेलात.

मेडिकल कॉलेज मी सोडलं, ते तुम्हाला आवडलं नसतं. वॉर्डात याच रोगाच्या खाटेशी प्राध्यापक म्हणाले, "इथे आपण फक्त बघायचं असतं." मी म्हणालो, "मग डोळे मिटून बघा!" त्याच आठवड्यात जळगावहून कळलं होतं की आमच्या गल्लीतल्या मारवाडी शेठजींच्या मुलीची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे, अंग फिकं पडलं आहे. लहानपणापासून जिच्या खिडकीखालून मी उगाच सायकल फिरवली, ती. मिळेल त्या गाडीने घरी आलो. इथल्या डॉक्टरांकडे रक्त तपासायचं काम धरलं, तिच्या काचेत तोच रोग दिसला, आणि त्यांच्या परवानगीने तिला थेंब सुरू केले, तुमच्याच मापाने. ते जैन, दिवस मावळला की काही तोंडात घालत नाहीत, म्हणून मी उन्हं असतानाच जातो. तिची भाभी दाराशी बसते. मी बोट टोचतो. तेवढाच तिचा हात.

"अर्धे डॉक्टर आले," ती म्हणते. "सुई तरी पूर्ण टोचता का?"

थेंब लागू पडले. पाणथरी ओसरली, गालांवर रंग आला, आणि शेठजींनी बरी झाली म्हणून धुळ्याचं स्थळ बघितलं. पाहुणे उद्या येतायत. आज दुपारी मी तिची ताजी काच पाहिली, तर पांढऱ्या पेशींची पुन्हा गर्दी, निम्म्या कच्च्या. पण नाना, हे लग्न मोडावं असं मलाच वाटतं. मग हा डोळा कुणाची लाच खातोय? शेवटी कंपाउंडरला म्हटलं, हिच्या जुन्या चांगल्या काचा, ही नवी, तुझ्या रक्ताची, माझ्या रक्ताची, सगळ्या काचा मिसळ आणि खुणांवर पट्ट्या चिकटव. तो म्हणाला, "भाऊ, डोकं फिरलं का?" पट्ट्या मात्र चिकटवल्या. मी वाईट म्हणून एक काच बाजूला काढली. पट्टी उचलली. आजचीच.

तसाच तिच्याकडे गेलो. भाभी दूध आणायला आत गेली तेवढ्यात तिला सांगितलं, परत आलंय. थेंब पुन्हा वाढवू, दबेल, पण कायमचं जाणार नाही.

ती बोट पदराला पुसत राहिली. "बापूजींना तुम्ही बोलू नका. म्हणतील, अर्ध्या डॉक्टरचा डाव आहे. पाहुण्यांच्या आत मीच सांगते." मग म्हणाली, "तुम्हाला किती वाईट वाटलं असेल ना, काच बघून?"

मी "हो" म्हणून मान हलवली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? फाडणारच आहे, म्हणून लिहितो. नाना, पट्टी उचलली आणि तिची खूण दिसली, तेव्हा वाईट वाटायच्या आधी, अगदी एक श्वासभर, मला आनंद झाला होता.