ठेवायला दिलेली बकरी

१६ फेब्रुवारी
ब्लाऊजची बाही लावत होते. मान वर केली तर ओट्यापुढे एक म्हातारी, हातात काळ्या बकरीचा दोर. छत्तीसगडकडची असावी, बोली तशीच. आमच्या इकडच्या प्रतापगडला महादेवाच्या यात्रेला निघालेली, पण जीपवाला बकरी चढवू देईना. "एला दू दिन राख ले बेटी," म्हणाली, हिला दोन दिवस ठेव. मी हो-नाही म्हणायच्या आत दोर खांबाला बांधलासुद्धा. पाणी प्यायली, जीपमध्ये बसली, गेली. तिनं माझं नाव विचारलं नाही, मीही तिचं नाही.
संध्याकाळी हे तांदळाच्या मिलमधून आले. "हे काय?" म्हटलं, पाहुणी.

२० फेब्रुवारी
यात्रा उठली. म्हातारी नाही.
शेजारची सयत्राबाई मडावी म्हणे, "चोरीची असन बाई. बला टाकून गेली तुह्या दारात."
सासरे, आमचे मामाजी, ओट्यावरून, "चोर आपला माल लोकाच्या खांबाले बांधते काय?"
झालं. दोघांची दुपार त्यातच गेली. वाद मिळाला की सासऱ्यांना दोन घास जास्त जातात. आज भात परत मागितला.

२ मार्च
बकरी गाभण आहे. सयत्राबाईनं पोट चाचपून सांगितलं. म्हातारीला माहीत असणारच, तरी ठेवून गेली. की माहीत होतं म्हणूनच?
ह्यांनी मिलमधून कोंडा आणला. आधी 'कायले पाहिजे ही झंझट' म्हणत होते. आता कोंड्यात मीठ घालायला विसरू नको म्हणतात.

९ मार्च
भांडण! बकरीनं दोर सोडवला आणि सयत्राबाईच्या वालाच्या वेलावरच्या शेंगा साफ केल्या. मी माझे कान धरून उभी, तर मामाजी सयत्राबाईलाच शिकवायला लागले. बुद्धानं सांगितलेल्या सगळ्या पारमितांत, म्हणजे सद्गुणांत, पहिली दान, वगैरे.
"तुमची पारमिता माह्या शेंगा खाऊन राहिली ना बाबाजी!"
मामाजींनी उरलेल्या वेलाकडे पाहिलं. मग हळूच म्हणतात, "म्हणजे दान तर तुनंच केलं, सयत्रा. आमी नुसती राखण करून राहिलो."
हसत हसत गेली. वर म्हणे, न विचारता नेलं त्याले दान नाई म्हणत. पण संध्याकाळी उरलेला वेल तिनंच आणून बकरीपुढं टाकला.

२१ मार्च
व्याली. दोन पिलं, एक नर, एक मादी. दोन्ही काळी. हे मिलला उशिरा गेले आज.

२८ मार्च
नवा वाद: पिलं कोणाची? मामाजी म्हणतात, म्हातारीची. हे म्हणतात, कोंडा आमचा, मेहनत आमची, एक तरी आपलं. सयत्राबाई म्हणे, "दूध काढता, चहात टाकता, अन् वरून भले म्हणून मिरवता." हे ती त्याच दुधाचा चहा बशीत ओतून म्हणाली.
बरोबर आहे तिचं. पण बकरी नसती तर मी भली नव्हते का? मुळात मी भली म्हणून राखून राहिले, की म्हातारीनं मला भली समजलं म्हणून? तसं असेल तर भलेपणा तिचाच, मी फक्त
(ब्लाऊज न्यायला बाई आली होती. पुढचं विसरले.)

११ एप्रिल
आज नीट लिहिते.
सकाळी टेम्पो थांबला. तिशीतला माणूस, गळ्यात गमछा. "मौसी ने भेजा है. सिलाई मशीन वाली बाई के पास बकरी है बोली." मावशीचा पाय मोडला म्हणे, डोंगरगडच्या बाजूला मुलीच्या घरी पडून आहे. म्हटलं, फोन लावा, बोलते तिच्याशी. "वहाँ टावर नहीं लगता, दीदी."
सयत्राबाई मोहफुलांची टोपली घेऊन परत येत होती, तशीच उभी राहिली. माझ्या कानात, "पाह्य, टावर नाई म्हंते! अन् मशीन तर रस्त्यावरून कोणालेबी दिसते."
बकरीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचं लक्ष टोपलीत.
मी मामाजींकडे पाहिलं. इतके दिवस एवढं बोलले, आज म्हणतात, "तुह्यापाशी ठेवली होती. तूच सांग."
आधी वाटलं, देऊन टाकावी. विश्वास ठेवावा माणसानं, फसलो तर फसलो. मग लक्षात आलं, हा खोटा निघाला तर फसणार मी नाही, म्हातारी. दुसऱ्याच्या बकरीवर मी कसली उदार होते! आणि खरा असला नि रिकामा गेला, तर ती पडल्या पडल्या माझ्याबद्दल काय म्हणेल?
त्याला जेवायला बसवलं. तेवढाच विचाराला वेळ. वरण-भात खाता खाता मादी पिलू त्याच्या मांडीशी आलं. पिलाच्या डोळ्याला चिकटा होता, मी सकाळपासून पुसीन म्हणत होते. त्यानं डाव्या हातानं गमछ्याचं टोक पाण्यात बुडवलं, चिकटा हळूच पुसला. कोणी पाहतंय असं त्याला वाटत नव्हतं.
दोर मीच सोडला.
टेम्पोत बकरी चढवली, नर चढवला. मादी पिलू परत माझ्या हातात दिलं. "ये आप रखो. मौसी को मैं बोल दूँगा."
टेम्पोची धूळ खाली बसली. मग सयत्राबाई, "झालं! चोरबी दुसऱ्याच्या मालावर दाता झाला."

१२ एप्रिल
पिलू रात्रभर ओरडलं. वरचं दूध सयत्राबाईनं तिच्या बकरीचं दिलं. शिव्या देत देत.
मामाजींचं म्हणणं, चोर असता तर तिन्ही नेली असती. सयत्राबाईचं म्हणणं, तोंड बंद ठेवाले एक देली. हे म्हणतात, दोन्ही खरं असू शकते. दोघंही ह्यांच्यावर चिडले.
मी काल चुकले का, माहीत नाही. पण आज मशीनवर बसले तेव्हा मन शांत होतं. हे काही चांगल्या वागण्याचा पुरावा नव्हे. पण होतं शांत.

१९ एप्रिल
मिलचा ट्रक परवा डोंगरगडकडे जाणार, हे सोबत जाताहेत. म्हणाले, तिकडच्या गावांत विचारतो, पाय मोडलेली म्हातारी कोणती.
म्हटलं, नका विचारू.
थोड्या वेळानं म्हटलं, विचारा.
"अन् खोटं निघालं तर?"
आत मामाजी पिलाला पारमिता समजावून सांगत होते. पिलू त्यांच्या धोतराचं टोक चघळत होतं.
म्हटलं, सांगा मला. फक्त मामाजींचं जेवण झाल्यावर.