दोन जूनला आलेली फाइल

३ जून, बुधवार

प्रिय राजू,

तुझी फाइल काल दुपारी मिळाली. तुझ्या कंपनीतला धर्मपाल यवतमाळच्या बसमधून उतरला आणि दिग्रसच्या स्टँडवरून घरी न जाता आधी माझ्या ऑफिसात आला. राजदीपनं तुमच्या हातातच द्यायला सांगितली, म्हणाला. मला हसूच आलं. जूनच्या दोन तारखेला तुझे रिटर्नचे कागद! या दिवसांत माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. लोकांना आयकर आठवतो तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तुला तर शेवटच्या दिवशी. दरवर्षी मी फोन करकरून थकते, मग तू थैलीत कोंबलेले कागद पाठवतोस. मागच्या साली त्यात चपलेच्या दुकानाचं बिल निघालं होतं.

तुझं पहिलं रिटर्न आठवतं का रे? यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कंपनीत लागून तुला वर्ष झालं होतं आणि मी नुकतंच ऑफिस टाकलं होतं. गिऱ्हाईक म्हणून पहिला तूच येऊन बसलास. कर एक रुपयाही बसत नव्हता, तरी भरायचं म्हणालास. ती पावती बाबांनी घाटंजीला नेऊन लॅमिनेट करून आणली आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली. शाळेत शिपाई म्हणून त्यांचा जन्म गेला; आपला पोरगा सरकारला रिटर्न भरतो, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. कर भरलाच नाही तर पावती कायची, असं माय विचारायची, आणि तू तिला तासभर समजावत बसायचास.

काल मी फाइल उघडली आणि आधी आनंदच झाला. पाच कप्पे, प्रत्येकावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी. पॅन, आधार, बँकेचं पासबुक, विम्याची पॉलिसी, फॉर्म सोळा. पोर्टलचा पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड, अगदी मोबाइलचं लॉकसुद्धा एका कागदावर लिहिलेलं. बँकेच्या खात्यात मागच्याच आठवड्यात मायचं नाव जोडलेलं. पॉलिसीवर वारस म्हणून माझं. मला वाटलं, पोरगा एकदाचा जबाबदार झाला, लग्नाचं मनावर घेतलं असेल. मनातल्या मनात मी तुझ्यासाठी एक स्थळही काढून ठेवलं.

मग फॉर्म सोळा, म्हणजे कंपनीनं दिलेला पगाराचा आणि कराचा दाखला, पाहिला. कंपनी तो पंधरा जूनच्या आत कधी देत नाही. तू स्वतः मागून आणला असशील. त्यावर नोकरीचा काळ लिहिला होता, एक एप्रिल ते तीस नोव्हेंबर. छापण्यात चूक असेल म्हणून मी तीनदा वाचलं. धर्मपालला फोन लावला. तो म्हणाला, "दिवाळीनंतर कंपनीनं त्यायचं पूर्ण डिपार्टमेंटच बंद केलं ताई. मले वाटलं तुमाले माहीत असन."

आधी मला रागच आला, राजू. सहा महिने! संक्रांतीला रजा मिळाली नाही म्हणालास. चौदा एप्रिलला जन्मात पहिल्यांदा गावी आला नाहीस, ओव्हरटाइम आहे म्हणालास, आणि मायनं तुझ्या वाटची खीर शेजारच्या लेकरांना वाटली. मग माझा राग माझ्यावरच उलटला. फेब्रुवारीत तू फोन केला होतास, सहज म्हणून. मी कामाचं रडगाणं लावलं आणि वर म्हणाले, तुझं काय, तुला बसल्या जागी पगार आहे. तू हो म्हणालास आणि फोन ठेवलास. त्या दिवशी तू काही सांगायला फोन केला होतास का?

संध्याकाळी मी तुला फोन लावला. नोकरीचं काही विचारलं नाही. यंदा एवढी घाई कशी, एवढंच विचारलं. तू शांतपणे म्हणालास, "भरून टाक ना ताई. मांगं कोणाले तरास नको."

फोन ठेवल्यावर मला कौसल्याबाई आठवल्या. तुला त्यांचं कधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्या घाटंजीहून आल्या होत्या, गेलेल्या नवऱ्याचं रिटर्न वारस म्हणून भरायला. असे कागद गोळा करता करता एरवी महिना जातो, पण त्यांच्याकडे सगळं एका फाइलीत, नीट लावलेलं होतं. मी कौतुक केलं तर त्या म्हणाल्या, "त्यायनंच लावून ठेवलं होतं. आठ दिवस तेच करत होते. मले वाटलं, किती चांगला बदल झाला मानसात." नवव्या दिवशी त्यांच्या नवऱ्यानं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं होतं.

आज पहाटेच्या पहिल्या गाडीनं मी यवतमाळला आले. हे पत्र दिग्रसहून नाही, तुझ्या खोलीत बसून लिहिते आहे. तू चार हातांवर झोपला आहेस. सकाळी दार उघडलंस तेव्हा तुझी दाढी वाढली होती आणि डोळे आत गेले होते. काहून आली, विचारलंस. सही राहिली म्हणून, असं मी खोटंच सांगितलं. रिटर्नला सही लागत नाही हे तुलाही ठाऊक आहे. तरी तू म्हणालास, "बरं झालं आली." मी खिचडी टाकली, तू दोनदा वाढून घेतलीस आणि बसल्या बसल्या आडवा झालास. तीन तास झाले. किती दिवसांची झोप आहे कोण जाणे. तुला तोंडावर विचारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते. राजू, तू जीव द्यायचं ठरवलं होतंस का? जागा झालास की हे वाच आणि खरं सांग. नसेल बोलवत तर नुसती मान हलव. उत्तर काही असो, मी रागावणार नाही, माय-बाबांना तुझ्याआधी काही सांगणार नाही, आणि इथून एकटी परत जाणार नाही. उद्या सकाळी मनाच्या डॉक्टरांकडे आपण दोघं जायचं आहे. मी नंबर लावला आहे, तुझ्या नावाखाली सोबत म्हणून माझं नाव दिलं आहे.

दाराला टेकून बसलेली,
तुझीच ताई
प्रेरणा